अर्ध्या वर्षात शाळा सोडून घरी शिकवायचं झालं तर



दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं, की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोरगं शाळेत जायलाच तयार नाही. आता ह्या वर्षी घरीच शिकवलं तर चालंल का?" विचारणारी आई कधी सातारा शहरातली असते, कधी माण तालुक्यातल्या वस्तीवरची. वडील कधी कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला असतात, तर कधी तासगावकडचे द्राक्षबागायतदार. मूल जूनपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत जातंय, सहामाही झालीय, आणि आता मध्येच काहीतरी बिनसलंय.

घरी शिकवता येतं, हे आधीच सांगते. पण वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना मूल शाळेतून काढलं, की बहुतेक घरं एकाच गोष्टीच्या मागं लागतात. राहिलेला पोर्शन घरी पुरा करायचा! माझं सांगणं याच्या उलट आहे. एप्रिलपर्यंतचे हे चार-पाच महिने पोर्शन संपवायचे नाहीतच. या महिन्यांत मूल पुन्हा आपणहून वाचायला, लिहायला, प्रश्न विचारायला लागलं पाहिजे. आणि जूनमध्ये त्याला शाळेत परतावंसं वाटलं, तर त्याची वाट कुठंही अडलेली नसावी. एवढी दोनच कामं करायची आहेत, पण दोन्ही मनापासून करायची आहेत.

घरी शिकवण्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे, असं पुष्कळांना वाटतं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं शाळा बंद झाल्या, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम आला, मोबाइलवर रोज अभ्यास यायला लागला. पण ते घरचं शिक्षण नव्हतं. तिथं शिकवत होती शाळाच, फक्त मोबाइलमधून. काय शिकायचं, किती शिकायचं, कधी तपासायचं, हे सगळं शाळाच ठरवत होती. आता तुम्ही मूल काढलंत, तर हे ठरवणारं दुसरं कुणी नसेल. ही जबाबदारी केवढी आहे, ते पहिल्या सोमवारी सकाळी कळतं.

सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांना अर्ध्या वर्षात शाळा सुटणं नवीन नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागातले मेंढपाळ दिवाळीच्या आगंमागं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. मेंढरांच्या वाड्याबरोबर पोरंही निघतात. त्याच सुमाराला आपल्याकडच्या साखर कारखान्यांचे हंगाम सुरू होतात आणि मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या टोळ्यांमधल्या मुलांचं वर्षही तिकडं गावी अर्ध्यावर तुटलेलं असतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी सरकारनं शिक्षण हमी कार्डाची सोय केली ती यासाठीच. मूल जिथं जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं आणि परत आल्यावर गावच्या शाळेनं त्याला आपलं म्हणावं. या मुलांकडं पाहून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्याचं नाव कुठल्या तरी शाळेच्या पटावर आणि गुरुजींच्या लक्षात राहतं, ते पोरगं परत येतं. ज्याची नोंद हरवते, ते हळूहळू शाळेला परकं होतं.

दुसरं उदाहरण विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाईच्या धंद्यातल्या कुटुंबांचं. सोन्या-चांदीची गलाई करणारी आपली माणसं देशभर पांगलेली आहेत. दुकान हलतं तेव्हा मुलांचीही शाळा हलते, कधी ऐन जानेवारीत. मुलाला दिवसभर परक्या भाषेत शिकावं लागतं आणि मराठी राहते ती संध्याकाळी आईपाशी. स्वयंपाक करता करता आई त्याच्याकडून मराठीचा धडा वाचून घेते, गावाकडं आजीला पत्र लिहायला लावते. हेही घरचं शिक्षणच. ते असं रोजच्या व्यवहारात मिसळलेलं असतं म्हणून टिकतं.

आता कायद्याचं. मुलांचा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार, म्हणजे आरटीई कायदा, २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यात म्हटलंय. पण तसं केलं नाही म्हणून आईबापांना दंड किंवा शिक्षा त्यात नाही. आपण होऊन घरी शिकवणाऱ्या कुटुंबांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारनं न्यायालयात मांडलेली आहे. या कायद्यात घरच्या शिक्षणाचा हक्क स्पष्टपणे दिलाय तो २०१२ च्या दुरुस्तीनं, बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना. तुमचं मूल त्यांच्यापैकी असेल, तर त्याचं नाव पटावर ठेवूनच घरी शिकवता येतं आणि समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांची मदतही मागता येते. पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी करा. दाखला काढायची घाई अजिबात करू नका.

जगात याबाबत एकमत नाही. जर्मनीत घरी शिकवायला जवळजवळ बंदीच आहे, मुलानं शाळेत गेलंच पाहिजे. अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. आपल्याकडं ना धड बंदी, ना धड व्यवस्था. कुणी अडवणार नाही, तसं कुणी हातही धरणार नाही.

घरी शिकवण्याची बाजू मांडणारे लोक मला सावित्रीबाई फुल्यांचं उदाहरण देतात. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्याच, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवलं, हे खरं. पण त्या घरी शिकल्या, कारण त्यांच्यासाठी शाळेचं दार उघडंच नव्हतं. आणि शिकल्यावर त्यांनी काय केलं? १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढं साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या अक्षर नव्हतं, तिथली पोरं उचलून त्यांनी शाळेत आणली. ज्या मातीत मूल शाळेत पोचावं म्हणून माणसांनी आयुष्यं घातली, तिथं मूल शाळेतून काढताना कारण तेवढंच भक्कम असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आधी कारण शोधा. मूल 'शाळा नको' म्हणतं तेव्हा पुष्कळदा त्याला शाळेतली एकच कुठली तरी गोष्ट नको असते. ती कुणी चिडवणारं पोरगं असेल, एखादा तास असेल, स्वच्छतागृहाची अडचण असेल. कधी तर गोष्ट याहूनही साधी असते. एक चौथीतली मुलगी अभ्यासात एकदम मागं पडली. आई म्हणाली, तिचं लक्षच नाही. मी त्यांच्या घरी गेले होते. स्वयंपाकघराच्या दारात मुलीला उभं केलं आणि समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर आज काय वार, ते वाचायला सांगितलं. ती दोन पावलं पुढं गेली, मग आणखी दोन. शेवटी कालनिर्णयला नाक लावून तिनं वार सांगितला. तिला फळाच दिसत नव्हता. चष्मा आला आणि शाळा सोडायचा विषय मागं पडला. डोळे, कान आणि वाचताना अक्षरांची उलटापालट या तीन गोष्टी तपासून घेतल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका. वाचन-लेखनाची अक्षमता असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. घरी बसवल्यानं ही अक्षमता जात नाही, फक्त नजरेआड होते.

मुलींबद्दल मला वेगळं आणि स्पष्ट बोलायचंय. सहावी-सातवीतली मुलगी 'घरीच शिकंल' म्हणून शाळेतून काढली जाते. पहिले आठ दिवस वही-पुस्तक निघतं. मग धाकट्याला सांभाळायला कुणी नसतं, शेतावर जेवण न्यायचं असतं, पाहुणे येतात. संक्रांत येईस्तोवर ती मुलगी घरातली कामवाली झालेली असते. पुढं दहावीच्या आतच स्थळं यायला लागतात. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ते घडतं. आणि शाळेत नसलेल्या मुलीच्या बाबतीत ते सहज घडतं, कारण 'चार दिवस कुठं होतीस गं?' असं विचारायला तिच्या बाई नसतात. मुलीला घरी शिकवायचं असेल, तर तिच्या वाट्याची घरकामं आज आहेत त्याहून एकानंही वाढणार नाहीत, हा शब्द घरातल्या मोठ्यांनी आधी द्यावा. तो देता येत नसेल, तर मुलगी शाळेतच राहू द्या.

शिकवणार कोण, हाही प्रश्न आधीच सोडवावा लागतो. उत्तर ठरलेलं असतं, आई. मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट पेपरात आली तेव्हा अनेकांनी मला कात्रणं दाखवली. सातवीत असताना आईनं तिला शाळेतून काढलं, घरी शिकवलं, मुलीनं प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ साली तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण त्यात दोन बारकावे आहेत, ते वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. त्या आईनं त्यासाठी आपली नोकरी सोडली होती. आणि बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आयआयटीचं दार त्या मुलीसाठी बंदच होतं. तेव्हा वडलांनीही आठवड्यातले ठरावीक तास आपल्या अंगावर घ्यावेत. हिशेब, मोजमाप, शेतीचं, यंत्राचं, बँकेचं कामकाज, या गोष्टी वडील छान शिकवू शकतात. आजोबा-आजी असतील, तर गोष्टी आणि वाचन त्यांच्याकडं द्या. तासभर का होईना, पण तो रोज झाला पाहिजे.

समजा, हे सगळं जमतंय आणि मूल घरी आलंय. पहिले दोन-तीन आठवडे वेळापत्रक भिंतीला चिकटवू नका. अकराला प्रार्थना, साडेअकराला गणित असा घरात शाळेचा देखावा उभा केला, की आई बाई होते आणि मूल पुन्हा तेच विद्यार्थी, ज्याला शाळा नकोशी झाली होती. भांडणं होतात ती इथंच. या काळात त्याला पुरेसं झोपू द्या, खेळू द्या. रोज रात्री त्याला काहीतरी वाचून दाखवा. मूल दहा-बारा वर्षांचं असलं तरी वाचून दाखवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. गावात वाचनालय असेल तर मुलाच्या नावानं वर्गणी भरा. पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या.

पण तिसरी-चौथीपर्यंत येऊनही मूल अडखळत वाचत असेल तर? अशी मुलं कमी नाहीत. तेव्हा सगळं बाजूला ठेवा आणि आधी वाचन पक्कं करा. सातारा जिल्ह्यातच, फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. मराठी वाचायला शिकवण्याचं मोठं काम तिथं झालंय. सगळी मुळाक्षरं आणि सगळी बाराखडी आधी घोटून मग शब्दांकडं जायचं, याऐवजी थोडीच अक्षरं, एखाददुसरं स्वरचिन्ह घ्यायचं आणि लगेच शब्द वाचायचे, ही दिशा घरीही पकडता येते. क, म, ल, र ही चार अक्षरं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मोठी, प्रत्येकी दोनदा लिहा, कात्रीनं कापा. काना दोन वेगळ्या तुकड्यांवर काढा. आता मुलाला जुळवू द्या. कर, मर, काम, माल, लाल, काका, मामा, राम, कमाल. पाच चिन्हांतून एवढे शब्द! ज्या मुलाला 'ढ' म्हणून मागच्या रांगेत बसवलं होतं, ते पहिल्याच संध्याकाळी नऊ शब्द वाचतं. दुसऱ्या दिवशी दोन अक्षरं आणि वेलांटी वाढवा. घाई करू नका. पण एकही दिवस चुकवू नका.

गणित आणि विज्ञानासाठी आपल्या भागात दुसऱ्या सत्रासारखा काळ नाही. तासगाव, कवठेमहांकाळकडं फेब्रुवारीपासून बेदाण्याचं काम जोरात असतं. मुलाला एखाद्या शेडवर घेऊन जा, आणि नुसतं फिरवून आणू नका, काम द्या. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मग एका रॅकवर इतकी द्राक्षं टाकली, तर बेदाणा किती उतरेल? उरलेल्या तीन किलोंचं काय झालं, कुठं गेले? द्राक्षं वाळायला टाकण्याआधी द्रावणात का बुडवतात, हे शेडवरच्या माणसालाच विचारू द्या. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो, तो सैल झाला की आतलं पाणी लवकर उडून जातं. रॅकवर सावली कशाला, वारा खेळता कशाला ठेवलाय, अवकाळी पावसाचे ढग आले की मालकाचा जीव का वरखाली होतो? घरी आल्यावर एक पान लिहायचं, एक आकृती काढायची, एक हिशेब मांडायचा. त्यात शुद्धलेखनाच्या चुका निघतील. लाल शाई घेऊन बसू नका. दोन चुका दाखवा, बाकीच्या पुढच्या पानाला. वाई-महाबळेश्वरकडं हेच काम स्ट्रॉबेरीच्या मळ्यात होईल, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात होईल. त्रैराशिक, टक्केवारी, बाष्पीभवन, हवामान, बाजार, सगळं एका दिवसात येतं आणि मुलाच्या डोक्यात राहतं.

एक गोष्ट मात्र घर देऊ शकत नाही, बरोबरीची पोरं. शाळा सुटली तरी संध्याकाळचं मैदान, तालीम, लेझीम, बालवाचनालय काहीतरी रोजचं असलंच पाहिजे. शाळेतल्या एका तरी मित्राशी नातं तुटू देऊ नका. आईबापांचं मुख्याध्यापकांशी वाजलं असेल, तर त्याची झळ या मैत्रीला लागता कामा नये. मुलादेखत शाळेला नावं ठेवू नका. उद्या त्याच शाळेत परत जायचं ठरलं, तर ते कुठल्या तोंडानं जाईल?

आता कागदपत्रं. रागाच्या भरात जाऊन 'द्या आमचा दाखला' म्हणण्याआधी मुख्याध्यापकांशी बसून बोला. पुष्कळदा थोड्या दिवसांची सवलत, वर्ग बदलणं, तुकडी बदलणं यावर काम भागतं. शाळेतली नोंद सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत असते. मूल दीर्घकाळ गैरहजर राहिलं, तर ते शाळाबाह्य म्हणून गणलं जातं आणि सर्वेक्षणाला आलेले शिक्षक तुमच्या दारात उभे राहतात. त्यांच्यावर चिडू नका, ते त्यांचं काम करताहेत. मूल घरी काय शिकतंय, त्याच्या वह्या त्यांना दाखवा. म्हणूनच तारीख घातलेल्या वह्या, चित्रं, वाचलेल्या पुस्तकांची यादी जपून ठेवा. आधीच्या सगळ्या वर्षांची प्रगतिपत्रकं, जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला असेल तर तो, एका फायलीत लावा. दाखला काढलाच, तर हातात पडल्याबरोबर नाव, जन्मतारीख आणि इयत्ता वाचून बघा. नावातली एक वेलांटी चुकली तर पुढं दहा ठिकाणी अडतं.

परतीच्या वाटेबद्दल कायदा मुलाच्या बाजूनं आहे. आरटीईप्रमाणं मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, वर्ष सुरू झालंय म्हणून नाकारता येत नाही आणि दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. पण एक खाच आहे. राज्यानं २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात राहावं लागतं. वयानुसार सहावी ते आठवीत बसायचं, तरी पाचवीची परीक्षा पार केलेली असावी लागते. म्हणून मूल पाचवीत किंवा आठवीत असेल, तर माझा सल्ला आहे, एप्रिलची परीक्षा होऊ द्या आणि मग काय ते ठरवा.

पाचवीच्या पालकांना आणखी एक गोष्ट. सांगली जिल्ह्याचं नवोदय विद्यालय पलूसला आहे, सातारा जिल्ह्याचं खावलीला. तिथं सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ही वर्षं मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली लागतात. मधलं एक सत्र घरी घालवलं तर ही संधी हातची जाऊ शकते. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. तिथं नववीला जायचं स्वप्न असेल, तर आठवी मान्यताप्राप्त शाळेतून उत्तीर्ण असावी लागते. आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना मिळते. ही स्वप्नं घरात असतील, तर मुलाला काढण्याआधी त्यांचा विचार करा.

ज्यांना शाळेत परत जायचंच नाही, त्यांना परीक्षेच्या वाटा आहेत. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या स्तरांच्या परीक्षा घेतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हिची दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. त्यासाठी चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय देऊन सुटता येतं. आजारी मुलांना, खेळाडूंना हे फार सोयीचं पडतं. तिसरी वाट सतरा नंबरच्या फॉर्मची, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसण्याची. आपलं विभागीय मंडळ कोल्हापूर, त्यात सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे येतात. सतरा नंबरचा अर्ज शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच भरून घेतात आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दहावीतल्या मुलाला डिसेंबरात शाळेतून काढलं, तर त्या मार्चची परीक्षा नियमित म्हणूनही गेली आणि खासगी म्हणूनही गेली. दहावीत कितीही अडचण आली तरी नाव शाळेत राहू द्या. हजेरीची, आजारपणाची अडचण मुख्याध्यापकांना लेखी कळवा, डॉक्टरांचं पत्र जोडा आणि मार्च निभावून न्या.

या सगळ्यातून वाट काढत मूल घरी शिकलं, की एप्रिल येतो. शाळेतल्या मुलांच्या परीक्षा सुरू असतात, शेजारी विचारायला लागतात. नेमकं तेव्हाच मुलाबरोबर शांतपणे बसा. त्याच्या वह्या समोर घ्या. नोव्हेंबरातलं पान आणि आताचं पान त्याचं त्यालाच वाचू द्या. मग विचारा, जूनमध्ये काय करायचं? ते 'घरीच' म्हणालं, तर पुढच्या वर्षाचा आराखडा मेमध्येच बसवा आणि मुक्त मंडळाच्या नोंदणीच्या तारखा पाहून ठेवा. ते 'शाळेत' म्हणालं, तर मन खट्टू करून घेऊ नका, तुमचे महिने वाया गेलेले नाहीत. शाळा भरण्याच्या आधीच त्याला घेऊन वर्गशिक्षकांना भेटा, त्याला काय येतं आणि कुठं हात द्यावा लागेल ते त्यांना सांगा, आणि पहिल्या दिवशी कुणाच्या शेजारी बसायचं ते त्याच्या मित्राशी आधीच ठरवून टाका.